झिरमिळ्या

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या खोलीसाठी उभा पंखा आणायला गेलो होतो. छताच्या पंख्याचं वारं तिला म्हणे पोचतच नाही, आणि एसीचं नाव काढलं की तिचे गुडघे आधीच दुखायला लागतात. दुकानात आठ-दहा पंखे ओळीने उभे करून चालू ठेवले होते आणि प्रत्येकाच्या जाळीला लाल, पिवळ्या, चंदेरी रिबिनी बांधलेल्या. वारा किती सुटतोय ते गिऱ्हाइकाला लांबून दिसावं म्हणून दुकानदार बांधतात तशा. सगळे पंखे आपापल्या तालात मान फिरवत होते, कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं, आणि त्या सगळ्या झिरमिळ्यांचा मिळून जो आवाज होत होता तो मोटरच्या घरघरीपेक्षा सुटा, वर वर ऐकू येत होता. भर दुपार, ट्यूबलाइटचा उजेड, मागे मिक्सरचे खोके रचलेले, आणि आवाज मात्र पिंपळाखाली उभं राहिल्यावर येतो तो. दुकानातला पोरगा वॉट, पाती, दोन वर्षांची हमी असं काहीबाही सांगत होता. बायको त्याच्याशी भाव करत होती. मी डोळे मिटून उभा होतो. ‘काकांना चक्कर आली का?’ पोराने विचारलं. ‘नाही हो, सिनेमा आठवला असेल,’ ती म्हणाली आणि पुन्हा दोनशे रुपयांवर आली. पंखा खोक्यात भरताना पोरगा रिबिनी कापायला लागला तेव्हा मी म्हटलं, राहू द्या. त्याने आधी माझ्याकडे आणि मग, परवानगीसाठी असावं, बायकोकडे पाहिलं.

सिनेमाच आठवला होता. रशियन दिग्दर्शक तारकोवस्कीच्या ‘सोलारिस’मध्ये अंतराळस्थानकावरचा म्हातारा स्नाउत नव्याने आलेल्या केल्विनला एक युक्ती सांगतो. रात्री झोपताना वायुवीजनाच्या झडपेला कागदाच्या पट्ट्या लाव, पानांची सळसळ ऐकल्यासारखं वाटतं. मूळ कल्पना गिबारियनची, जो केल्विन पोचायच्या आतच आत्महत्या करून मोकळा झालेला आहे. तिसरा शास्त्रज्ञ सार्टोरियस ह्या प्रकाराला हसतो, पण त्याने स्वतःच्या खोलीत कपाटात दडवून त्या लावलेल्याच आहेत, असंही स्नाउत जाता जाता सांगतो. एवढंच. दोन वाक्यांचा मामला. पण मला त्या पावणेतीन तासांतलं दुसरं काही आठवलं नाही तरी हे आठवतं: पृथ्वीपासून कल्पनेपलीकडच्या अंतरावर, खाली एक विचार करणारा महासागर पसरलेला, आणि विज्ञानाची उभी हयात पाठीशी असलेली माणसं कात्री घेऊन कागदाच्या पट्ट्या कापताहेत.

पोलिश लेखक स्तानिस्लाव लेमच्या ज्या पुस्तकावरून सिनेमा घेतला, त्या पुस्तकात ह्या पट्ट्या मला कुठे सापडल्या नाहीत.

आणि ते मला कित्येक वर्षं खुपत आलेलं आहे. कारण मी मूळचा पुस्तकवाला. ‘सोलारिस’ मला मिळालं ते मुंबईत, फाउंटनच्या फुटपाथवर, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात. मुखपृष्ठाचा खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला, आत कुणा गोऱ्या माणसाची झोकदार सही, आणि किंमत पंधरा रुपये, जी मी बारावर आणली आणि वर स्वतःवर खूश झालो. परतीच्या पॅसेंजरला खिडकीशी बसून वाचायला घेतलं. लेम वेळ दवडत नाही. पहिल्या पानावर माणूस अंतराळकुपीत बसतो आणि थोड्याच पानांत सोलारिस ग्रहावरच्या स्थानकात उतरतो. त्याचं घर, आईबाप, निरोपाचे अश्रू, काही नाही. मग येतो तो महासागर. तो अख्खा ग्रह व्यापून आहे, जिवंत आहे, काहीतरी करतो आहे, आणि काय करतो आहे ते कुणालाही कळलेलं नाही. केल्विन स्थानकाच्या ग्रंथालयात जाऊन सोलारिसशास्त्राचे ठोकळे चाळत बसतो ती पानं पुष्कळांना कंटाळवाणी वाटतात. मला ती पुस्तकातली सर्वांत खोडकर पानं वाटतात. शंभरएक वर्षांचं संशोधन, पंथ, उपपंथ, एकमेकांना खोडून काढणारे प्रबंध, समुद्रातून उसळणाऱ्या आकारांना दिलेली नावं: मिमॉइड, सिमेट्रियाड, असिमेट्रियाड. नाव दिलं की माणसाला वाटतं अर्धं कळलं. मी पुण्यात वाढलोय, त्यामुळे एका ओळीच्या अर्थावरून तीन पिढ्या चाललेला वाद म्हणजे काय ते मला बाहेरून समजावून सांगावं लागलं नाही. कर्जत मागे पडलं आणि घाटात गाडीला मागून इंजिन लागलं तरी मी त्या ग्रंथालयातच होतो.

आमची पिढी नारळीकरांच्या गोष्टींवर वाढलेली. त्या गोष्टींनी एक भरवसा दिला होता: कोडं कितीही मोठं असो, त्याला गणित असतं, आणि ते सोडवणारा माणूस बहुधा साधासा, चहा पिणारा आणि आपल्यासारखं मराठी बोलणारा असतो. दूरदर्शनवर रविवारी ‘स्टार ट्रेक’ लागायचं, त्यातही परग्रहावरचा प्राणी शेवटी इंग्रजीत का होईना पण बोलायचा. लेमचा समुद्र बोलतच नाही. त्याच्यावर क्ष-किरण सोडले तर तो बदल्यात तुमच्या डोक्यातलं सर्वांत दुखरं माणूस काढून तुमच्या बिछान्याशेजारी आणून बसवतो. बक्षीस म्हणून, शिक्षा म्हणून, की सहज, कुणास ठाऊक. विज्ञानकथेत ‘कळलं नाही’ हा शेवट असू शकतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शिवाजीनगरला उतरताना पुस्तक संपलं नव्हतं म्हणून मी फलाटावरच्या बाकावर बसून संपवलं, आणि शेवटची बस चुकली.

सिनेमा पाहिला त्यानंतर चारेक वर्षांनी, लॉ कॉलेज रस्त्यावर, चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात. मी परीक्षकाच्या ऐटीत गेलो होतो. आता बघू, ह्या रशियन माणसाने माझ्या समुद्राचं काय केलंय. पडदा उजळला आणि दिसलं काय, तर ओढ्याच्या पाण्यात हलणाऱ्या वनस्पती. लांब, हिरव्या, केसांसारख्या. मग धुकं, तळं, एक घोडा, लाकडी घर, अचानक आलेला पाऊस आणि पावसात तसाच भिजत बसलेला केल्विन. टेबलावरच्या कपातला चहा पावसाने भरत चाललेला. पाऊण तास होत आला तरी माणूस पृथ्वीवरून हलेना. माझ्या शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ होते, ते मधेच स्वतःशी पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘निघा आता.’ मग तो प्रसिद्ध मोटारीचा प्रवास आला. बर्टन नावाचा म्हातारा वैमानिक मुलाला घेऊन गाडीतून जातो आहे: बोगदे, उड्डाणपूल, एकावर एक रस्ते, कधी रंगीत, कधी कृष्णधवल, आवाज वाढत वाढत चाललेला. हे १९७१ मध्ये टोकियोत जाऊन टिपलेलं आहे. भविष्यातलं शहर म्हणून. पाचेक मिनिटं चालतं ते. तेवढ्यात अर्धं सभागृह चहाला जाऊन आलं. परवा चांदणी चौकातल्या त्या वेटोळ्या पुलांवर मी वाट चुकलो, तिसऱ्यांदा, तेव्हा एकदम लक्षात आलं की तारकोवस्कीचं भविष्य आता आमच्याकडे येऊन पोचलं आहे आणि त्यातून बावधनला कसं उतरायचं ते मला अजून समजलेलं नाही.

आणि मग ती आली. केल्विनची मेलेली बायको. मी वाचलेल्या इंग्रजी अनुवादात तिचं नाव रेया होतं. तो अनुवाद पोलिशवरून नव्हे, फ्रेंचवरून केलेला होता आणि अनुवादकांनी तिच्या मूळ नावाची, हारेची, रोमन अक्षरं उलटीपालटी करून हे नवीन नाव बनवलं होतं हे मला फार उशिरा कळलं. थेट पोलिशवरून इंग्रजी अनुवाद यायला २०११ उजाडलं. म्हणजे मी ज्याच्या निष्ठेवर इतका तावातावाने बोलत होतो ते माझं ‘मूळ पुस्तक’च दोनदा गाळून आलेलं. रशियनमध्ये ती हारीच, पण त्यांचा ‘ह’ घशातून येतो, त्यामुळे पडद्यावर केल्विन तिला हाक मारतो ती ऐकू येते ‘खारी’. पहिल्यांदा त्याने मारली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. दुसऱ्यांदा जरा जास्त. बेकरीतल्या खारीचा डबा डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नव्हता. पण पुढे ती द्रवरूप प्राणवायू पिते, गोठून पडते, आणि मरणही तिला मिळत नाही म्हणून झटके देत पुन्हा जिवंत होते, तेव्हा तो ‘खारी, खारी’ करत तिच्याशेजारी बसून राहतो, आणि सभागृहात खुर्चीसुद्धा करकरली नाही.

संगीताबद्दल लिहायचं तर मला वाट थोडी वाकडी करावी लागेल. आमच्या गल्लीत एका जुन्या नाटकवाल्यांच्या घरी ऑर्गन होता. संगीत नाटकात साथीला असतो तो, पायाने भाता मारायचा. त्यांचा फिरतीचा काळ सरला होता, पण संध्याकाळी कधीकधी ते वाजवायला बसत, आणि वाजवण्याआधी पहिला भाता भरताना त्या पेटीतून एक सुस्कारा यायचा. स्वर नाही, नुसती हवा. माझ्यासाठी नाटक त्या सुस्काऱ्यापासून सुरू व्हायचं. ‘सोलारिस’च्या श्रेयनामावलीवर बाखची एक लहानशी रचना वाजते, ऑर्गनवर, एफ मायनरमधली. वर संथ चाल, मधे न थांबता वाहत राहिलेला एक पाझर, आणि खाली पायांनी वाजवलेला खर्ज, घाई नसलेल्या माणसासारखा एकेक पाऊल टाकत. चर्चमधल्या प्रार्थनेची चाल आहे ती, पण मला काय ठाऊक. मला वाटलं नांदी चालू आहे, आता पडदा वर जाणार. सिनेमात ती पुन्हा पुन्हा येते. सर्वांत सुंदर येते ती स्थानक तीस सेकंदं वजनरहित होतं तेव्हा. पेटलेल्या मेणबत्त्यांचं झुंबर, एक पुस्तक आणि ते दोघं अलगद वर उचलले जातात, आणि भिंतीवर ब्रूगलचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र. बाकीचा आवाजाचा पसारा संगीतकार एदुआर्द आर्तेम्येवचा. त्याच्याकडे एएनएस नावाचं रशियन यंत्र होतं: काळा लेप दिलेल्या काचेवर ओरखडे काढायचे, त्यातून प्रकाश जातो आणि त्या रेघोट्यांचा स्वर होतो. म्हणजे काढलेलं चित्र ऐकू येतं. हे वाचल्यावर मी तो समुद्र पुन्हा ऐकला. हो, ‘ऐकला’च. लेमने पानंच्या पानं वर्णन करून जो उभा केला, तो सिनेमात मला दिसतो त्याच्यापेक्षा जास्त ऐकू येतो, कारण पडद्यावरचं दृश्य खरं सांगायचं तर उकळत्या पिठल्यासारखं आहे.

लेमला हा सिनेमा मुळीच आवडला नाही. पटकथेवरून भांडायला तो मॉस्कोला जाऊन काही आठवडे राहिला आणि शेवटी तारकोवस्कीला ‘मूर्ख’ म्हणून निघून आला, हे त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितलं आहे. ह्या माणसाने ‘सोलारिस’ केलाच नाही, दोस्तोयव्हस्कीचा ‘गुन्हा आणि शिक्षा’ केला, असं त्याचं म्हणणं. केल्विनचे आईवडील, ती मावशी, ते लाकडी घर, हे सगळं त्याला असह्य झालं होतं. माणूस अज्ञाताच्या दारात उभा आहे आणि हा दिग्दर्शक त्याला मागे ओढून घरी नेतोय! मी कॉलेजात असतो तर लेमच्या बाजूने दगड उचलले असते. पण गंमत अशी की तारकोवस्कीलाही आपला हा सिनेमा इतरांच्या मानाने कमी वाटायचा, आणि कारण नेमकं उलटं: ह्यात विज्ञानकथेचा सरंजामच फार झाला, रॉकेटं आणि स्थानकं मधे मधे आली, असं त्याने लिहून ठेवलं आहे. एकाला विज्ञान कमी पडलं, दुसऱ्याला जास्त झालं. १९७२ मध्ये कान चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं मोठं पारितोषिक मिळालं ते ह्या, दोन्ही बापांनी नाकं मुरडलेल्या पोराला. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. समुद्राच्या बाबतीत लेम बरोबर. पाण्यात हलणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत तारकोवस्की. हे उत्तर पुचाट आहे ह्याची मला कल्पना आहे, पण तीसेक वर्षं दोन्हीकडून भांडून झाल्यावर माणसाकडे दुसरं उरत नाही.

मध्यंतरी भाच्याला पुस्तक दिलं. तो एकवीस वर्षांचा आहे, हुशार आहे, आणि सिनेमे दीडपट वेगाने पाहतो. पुस्तक त्याने तीन दिवसांत संपवलं आणि ग्रंथालयाची पानं त्याला सर्वांत आवडली म्हणून सांगितलं तेव्हा मला उगाच आपल्या घराण्याचा अभिमान वाटला. मग त्याने फोनवर, बसमध्ये, सिनेमा पाहिला. रात्री संदेश आला: ‘मामा, पुस्तकात समुद्र आहे. सिनेमात नुसती बाई रडते.’ मी उत्तर टाइप करायला घेतलं. ते लांबत गेलं. पुसलं. पुन्हा लिहिलं की ती मोटारीची पाच मिनिटं तू दीडपट वेगाने पाहिलीस तर तू सिनेमा पाहिलाच नाहीस, कारण त्या कोलाहलातून एकदम कट होऊन संध्याकाळचं ते शांत घर येतं, ती शांतता ऐकू यावी म्हणूनच ती पाच मिनिटं आहेत. तेही पुसलं. कारण भाच्याचीच तक्रार, अगदी तीच, मी त्या अंधाऱ्या सभागृहात पहिल्या तासाभरात मनात केली होती: समुद्र कुठाय? मला तेव्हा दीडपट वेगाची सोय नव्हती एवढाच काय तो फरक. शेवटी अंगठा पाठवला. त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला. संपलं. आमच्या घरात साहित्यचर्चा अशा होतात.

निष्ठेचंच म्हणाल तर १९६८ ची सोव्हिएत दूरदर्शनची दोन भागांची आवृत्ती आहे. कृष्णधवल, सगळं खोल्यांमध्ये घडणारं, केल्विनच्या भूमिकेत वासिली लानोवोय. इंटरनेटच्या कृपेने पाहिली. पुस्तकाच्या बरीच जवळून जाते, संवाद नीट म्हटले जातात, आणि मला आमच्या लहानपणीच्या दूरदर्शनवरच्या नाटकांची आठवण आली: सेटचं दार लावलं की भिंत हलणार अशी धाकधूक. बघून झाल्यावर मी मनात एकही चित्र घेऊन उठलो नाही. उलट २००२ मध्ये स्टीव्हन सोडरबर्गने जॉर्ज क्लूनीला घेऊन केला तो शंभर मिनिटांच्या आत आटोपणारा, गुळगुळीत, निळ्या-करड्या उजेडातला, आणि त्यात समुद्र जवळजवळ पडद्यामागेच राहतो. म्हाताऱ्या लेमने तो न पाहताच, परीक्षणं वाचून, फटकारलं होतं की माझ्या पुस्तकाचं नाव ‘सोलारिस’ आहे, ‘अंतराळातलं प्रेम’ नव्हे. टोला चोख. तरी कबूल करतो की क्लिफ मार्टिनेझने त्याला दिलेलं संगीत गेली कित्येक वर्षं माझ्या फोनमध्ये आहे. स्टीलच्या ड्रमवर थेंब पडावेत तसे स्वर, मागे तंतुवाद्यांचा पातळ थर. डेक्कन क्वीनमध्ये खंडाळ्याच्या बोगद्यांत ते ऐकून बघा. सिनेमा आठवला नाही तरी बिघडत नाही.

चाहते म्हणून आम्ही काय करतो ते मला अलीकडे त्या हारीच्या झग्यावरून कळायला लागलंय. समुद्राने तिला केल्विनच्या आठवणीतून घडवलं आहे. तिला झगा काढायचा असतो तर त्याच्या पाठीवर बंद नुसते दिसायला आहेत, ते सुटतच नाहीत. उघडायला फटच नाही. केल्विनला कात्रीने कापावा लागतो. कारण त्याला तो झगा आठवतो, पण तो उघडतो कसा हे त्याच्या आठवणीत नाही, म्हणून झग्यातही नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. स्वप्नात येतात तेव्हा अंगात तो फिकट हिरवा टेरीकॉटचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट असतो, आणि जाग आल्यावर मी आठवायचा प्रयत्न करतो की त्याला खिसा होता की नव्हता. एकदा आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, ‘डावीकडे होताच की. आणि आतून चोरखिसा. टेलरला प्रत्येक वेळी बजावून सांगायला लागायचं.’ चोरखिसा! चाळीस वर्षं ज्यांच्या मागे मागे फिरलो त्यांच्या शर्टाला चोरखिसा होता हे मला माहीत नव्हतं. म्हणजे सोलारिसच्या समुद्राने माझ्यासाठी बाबा पाठवले असते तर ते त्या खिशावाचून आले असते आणि पासाचं पाकीट कुठे ठेवायचं ह्या विचारात दारातच उभे राहिले असते. पुस्तकावरचा प्रत्येक सिनेमा असाच कुणाच्या तरी आठवणीतून उठून येतो. त्याचे बंद सुटत नाहीत. आपण मूळ ओळखणारे, लगेच बोट ठेवतो: ही ती नव्हे. केल्विनही पहिलीला रॉकेटमध्ये बसवून धाडून देतो आणि झोपतो. जाग येते तेव्हा दुसरी आलेली असते, पहिलीचं काहीही न आठवणारी, आणि तिला केल्विनपासून क्षणभर दूर राहवत नाही. एक एकोणीसशे अडुसष्टला, एक बहात्तरला, एक दोन हजार दोनला.

मी कुठलीच धाडून देऊ शकलो नाही हे मात्र खरं.

पंखा आईच्या खोलीत उभा केला. पाच रिबिनी होत्या, दोन लाल, दोन पिवळ्या, एक चंदेरी. पहिल्या रात्री मी मुद्दाम तिच्या खोलीत खाली गादी टाकून झोपलो, ‘नवीन पंखा आहे, बघू कसा चालतो’ असं सांगून. दिवा मालवला. पंख्याने मान फिरवली, झिरमिळ्या सळसळल्या, भिंतीकडे जाताना आवाज विरला, परत येताना वाढला. ऐकता ऐकता मला वाटलं, आता येईल ते. काय येईल ते मलाही सांगता आलं नसतं. स्नाउतची युक्ती चाळीस-पन्नास सेकंद लागू पडली. मग आई अंधारात म्हणाली, ‘ते काय फडफडतंय मघापासून? पाल आहे का?’ मी म्हटलं, रिबिनी आहेत. ‘काढ रे त्या. मला मेली झोप नाही लागायची.’ ‘पानांसारखा आवाज येतो ना?’ मी विचारलं. ती जरा थांबली. ऐकलं असावं तिने. ‘कसल्या पानांसारखा?’ ती म्हणाली. ‘पिशवीसारखा येतोय. भाजीवाल्याच्या.’ तिचंच बरोबर होतं आणि एकदा तिने म्हटल्यावर मलाही पिशवीच ऐकू यायला लागली. सकाळी कापतो म्हणालो, आणि सकाळी विसरलो.

मे संपता संपता पुन्हा गेलो तेव्हा ती कैरीच्या लोणच्याच्या मागे होती. ओट्यावर दोन बरण्या, तोंडाला धुवट फडक्याचे दादरे, आणि एका दादऱ्याभोवती लाल रिबिनीचा घट्ट फास, दुसऱ्याभोवती पिवळीचा. सुतळी संपली होती म्हणे. खोलीत डोकावलो. पंखा मान फिरवत होता आणि जाळीला चंदेरी झिरमिळी तेवढी राहिलेली, एकटीच, आडवी ताणली जात होती आणि पंखा वळला की खाली पडत होती. एकटीचा आवाज असा येतच नव्हता.

‘ही का ठेवलीस?’ मी विचारलं.

‘राहू दे की,’ ती आतूनच म्हणाली. ‘माझा चष्मा नसला की पाती फिरतात का नाही ते दिसत नाही. ही हलली की कळतं, लाइट आलेत. आणि जाताना तो टीव्ही लावून दे, साडेसातची लागेल आता. पुस्तकावरनं घेतलीय म्हणतात, पण पुस्तकात ती सासू अशी नाहीये.’

मी टीव्ही लावला आणि ती सासू पुस्तकात कशी आहे ते विचारत खाटेवर बसलो.